न्यू अल्माडेनची टेकडी: पाऱ्याच्या खाणीवर उभे राहिलेले काउंटी पार्क आणि तिथले संग्रहालय

रानजाई

गेल्या महिन्यात माझे वडील साताऱ्याहून आमच्याकडे सॅन होजेला आले. आयुष्यभर सज्जनगड, अजिंक्यतारा चढलेला माणूस इथल्या मॉलमध्ये दोन दिवसांत कंटाळला, म्हणून त्यांना घेऊन आम्ही अल्माडेन क्विकसिल्व्हर काउंटी पार्कमध्ये गेलो. तो दिवस फार चांगला गेला. त्याचबरोबर मनात बरेच प्रश्नही उभे राहिले, म्हणून हा धागा काढते आहे.

शहराच्या दक्षिणेला, सांता क्रूझच्या डोंगरांच्या पायथ्याशी पसरलेले हे पार्क चार हजार एकरांहून मोठे आहे आणि त्यात तीस मैलांहून अधिक लांबीच्या वाटा आहेत. चालणारे, धावणारे, घोड्यावरून फिरणारे आणि काही ठरावीक वाटांवर सायकल चालवणारे असे सगळ्या प्रकारचे लोक तिथे भेटतात. आमच्यासारखी बहुतेक कुटुंबे मॉकिंगबर्ड हिलच्या प्रवेशद्वाराशी गाडी लावतात, तासभर चालतात, डबा खातात आणि परततात. मीही चार वर्षे तेच करत होते. आपण ज्या टेकडीवर फुले पाहतो आहोत ती आतून पोखरलेली आहे आणि उत्तर अमेरिकेतील पाऱ्याचे सर्वांत मोठे उत्पादन याच ठिकाणी झाले, याची मला पुसटशीच कल्पना होती.

या वेळी वडिलांच्या गुडघ्यांचा विचार करून आम्ही आधी न्यू अल्माडेन गावातल्या संग्रहालयात गेलो. ते ‘कासा ग्रांदे’ नावाच्या वाड्यात आहे. १८५४ साली खाणीच्या व्यवस्थापकासाठी बांधलेली ही वास्तू ओढ्याच्या काठी, मोठ्या झाडांच्या सावलीत उभी आहे. त्या काळात खाणीचा कारभार पाहणारे हेन्री हॅलेक पुढे अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याचे सरसेनापती झाले. पुढच्या दालनांत श्रीमंती थाटाचे फर्निचर आहे आणि आतल्या दालनांत खाणकामगारांची हत्यारे, दिवे, स्वयंपाकाची भांडी आणि पारा भरून पाठवण्याचे लोखंडी फ्लास्क आहेत. यातल्या बऱ्याच वस्तू कॉन्स्टन्स पेरहॅम या गावातल्याच बाईंनी वर्षानुवर्षे जमवलेल्या संग्रहातून आल्या आहेत. लोक ज्या वस्तू अडगळ म्हणून टाकून देत होते त्या एका बाईने सांभाळून ठेवल्या, म्हणून आज आपल्याला त्या पाहता येतात, याचे मला फार मोल वाटते.

वडील सर्वांत जास्त वेळ थांबले ते त्या फ्लास्कपाशी. आकाराने तो जेमतेम अडीच लिटरचा असतो, परंतु भरल्यावर त्यातल्या पाऱ्याचेच वजन ७६ पौंड, म्हणजे साडेचौतीस किलो भरते. अशा दहा लाखांहून अधिक फ्लास्कमधून या टेकडीचा पारा बाहेर गेला. बाबांनी विचारले, “एवढा पारा लागायचा कशाला?” त्याचे उत्तर सोन्यात आहे. १८४८ साली कॅलिफोर्नियात सोने सापडले. वाळूत विखुरलेले सोन्याचे बारीक कण पाऱ्यात मिसळतात, ते मिश्रण तापवले की पारा उडून जातो आणि सोने मागे उरते. तोवर पारा मुख्यतः स्पेनमधून यायचा. इथे मात्र सोने सापडण्याच्या आधीच, १८४५ साली, पाऱ्याचे खनिज ओळखले गेले होते आणि खाण सुरू झालेली होती. ही टेकडी नसती तर कॅलिफोर्नियातले सोने इतक्या वेगाने आणि इतक्या स्वस्तात निघाले नसते, असे मला वाटते.

संग्रहालय पाहून मगच टेकडीवर जावे, हे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. आधी वर जाऊन आलेल्याला झाडीतले दगडी चौथरे आणि लालसर राबिटाचे ढीग दिसतात, पण ते कशाचे आहेत हे कळत नाही.

माझे दोन प्रश्न आहेत. वयस्कर माणसांना जमेल अशी वाट तिथे कोणती आहे? आणि मुलांना घेऊन जाताना तिथल्या मातीतल्या पाऱ्याची काळजी किती करावी?

बोरू

धागा वाचून आनंद झाला. पाऱ्याच्या या खनिजाला आपल्या भाषेत हिंगूळ हा जुना शब्द आहे. जुन्या पोथ्यांमध्ये काळ्या शाईच्या मजकुराभोवती ज्या तांबड्या रेघा असतात आणि ‘श्री’ किंवा अध्यायाची समाप्ती ज्या तांबड्या रंगात लिहिलेली असते, तो पुष्कळदा हिंगुळाचाच रंग असतो. मी पोथ्यांच्या सूचीचे काम काही वर्षे केले आहे आणि तीनशे वर्षांनंतरही तो रंग न विटलेला पाहिला आहे. रसशास्त्राच्या ग्रंथांत हिंगुळापासून पारा काढण्याची कृती येते आणि तिचे तत्त्व न्यू अल्माडेनच्या भट्ट्यांहून वेगळे नाही: हिंगूळ तापवायचा, वाफ वर जाऊ द्यायची आणि ती थंड पृष्ठभागावर धरून पुन्हा द्रवरूप करायची.

सॅन होजेच्या परिसरातील ओलोनी लोकही युरोपीय येण्याच्या कितीतरी आधीपासून या टेकडीतला लाल दगड कुटून अंगाला लावण्यासाठी वापरत असत. मेक्सिकोच्या सैन्यातले कॅप्टन आंद्रेस कास्तियेरो तिथे आले तेव्हा त्यांना हा लाल दगड दाखवण्यात आला. त्यांनी त्याची पूड निखाऱ्यांवर टाकून वर पेला उपडा धरला आणि पेल्याच्या आतल्या बाजूला पाऱ्याचे थेंब जमले, असे सांगितले जाते. स्पेनमधल्या प्रसिद्ध खाणीवरून पुढे या जागेला ‘नवे अल्माडेन’ हे नाव पडले. मूळ शब्द अरबी आहे आणि त्याचा अर्थच ‘खाण’ असा होतो.

रसायनमित्र

मी रसायनशास्त्र शिकवत असे, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जरा विस्ताराने देतो.

हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचे संयुग. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. वाटेवरून चालताना बुटाला माती लागली किंवा मुलाने एखादा लाल दगड हातात घेतला, एवढ्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. घरी आल्यावर हात स्वच्छ धुवावेत, लहान मुलांना माती तोंडात घालू देऊ नये आणि दगड घरी आणू नयेत. पार्कात दगड उचलण्यास तशीही मनाई आहे. दगड घरी आणून शेगडीवर तापवून पाहण्याचा प्रयोग तर कोणीही, कधीही करू नये. तापवल्यावर सुटणारी पाऱ्याची वाफ श्वासातून रक्तात जाते आणि मेंदू व मूत्रपिंडे यांना अपाय करते. त्या काळी भट्टीवर काम करणाऱ्यांना नेमका हाच त्रास होई: लाळ गळणे, हिरड्या सुजणे, दात हलू लागणे, हात थरथरणे.

खरी काळजी मातीपेक्षा पाण्याची आहे. खनिज भाजून पारा काढून घेतल्यावर उरलेला दगड तिथेच, ओढ्यांच्या काठी टाकला जात असे. त्यात थोडा पारा शिल्लक राहतोच. पावसाळ्यात तो अलामितोस ओढ्यातून आणि इतर नाल्यांतून ग्वादलूप नदीत आणि तिथून थेट सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरापर्यंत जातो. तळ्यांच्या तळाशी, जिथे प्राणवायू कमी असतो अशा गाळात, काही जिवाणू या पाऱ्याचे रूपांतर मिथाइल पाऱ्यात करतात. हे रूप सजीवांच्या शरीरात साठते. शेवाळातून बारीक जीवांत, त्यांच्यातून लहान माशांत, लहानांतून मोठ्या माशांत असे चढत जाताना त्याचे प्रमाण दर पायरीला वाढते. जपानमध्ये मिनामाता इथे १९५६ साली जो आजार उघडकीस आला, त्याच्या मुळाशी हेच संयुग होते. म्हणून अल्माडेन, ग्वादलूप आणि कालेरो या जलाशयांच्या काठी ‘इथले मासे खाऊ नका’ असे फलक अनेक भाषांत लावलेले दिसतात. ते फलक गांभीर्याने घ्यावेत. आपल्यातल्या मासे आवडीने खाणाऱ्या मंडळींना मी हे मुद्दाम सांगतो, कारण तिथे गळ टाकून बसलेली माणसे पाहून मोह होतो. पकडलेला मासा पुन्हा पाण्यात सोडायचा असतो.

वाळा

रसायनमित्र, सविस्तर उत्तराबद्दल आभार. माझा मुलगा तीन वर्षांचा आहे आणि सासूबाई सध्या आमच्याकडे आहेत. बाबागाडी घेऊन जाता येईल का? आम्ही मागे एकदा गेलो होतो, तेव्हा संग्रहालय बंद होते. वेळ न पाहता गेलो ही चूक आमचीच.

सह्यवाटा

मी या पार्कात बारा वर्षे नियमाने चालतो आहे, म्हणून वाटांविषयी लिहितो.

वाळा, बाबागाडीसाठी टेकडीच्या वाटा सोयीच्या नाहीत. मातीच्या आहेत आणि चढ-उतार बरेच आहेत. न्यू अल्माडेन गावातला मुख्य रस्ता मात्र सपाट आहे. त्याच्या कडेने शंभर-दीडशे वर्षांची जुनी घरे आहेत, शेजारून ओढा वाहतो, आणि संग्रहालयापासून हॅसिएंडा प्रवेशद्वारापर्यंत सावकाश चालत जाता येते. त्या घरांत आजही लोक राहतात, म्हणून अंगणात शिरू नये आणि खिडक्यांचे फोटो काढू नयेत. सासूबाईंना हे फिरणे आवडेल. रानजाई यांच्या वडिलांसारख्या चालायची सवय असलेल्या माणसांनी मॅकॅबी रस्त्याच्या प्रवेशद्वाराने जाऊन सेनादोर खाणीची वाट घ्यावी. चढ बेताचा आहे आणि वाटेत खनिज भाजण्याच्या कारखान्याचे काँक्रीटचे अवशेष उभे आहेत. संग्रहालय रोज उघडे नसते. ते बहुधा आठवड्याच्या अखेरीस उघडे असते आणि वेळा बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी काउंटीच्या संकेतस्थळावर खात्री करून घ्यावी.

ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी मात्र हॅसिएंडा प्रवेशद्वारापासून माइन हिलची वाट धरावी. पहिलाच टप्पा अंगावर येणारा आहे. आपल्या राजगडाच्या चोरवाटेची सर त्याला नाही, पण उन्हात तो घाम काढतो. दोन मैलांहून अधिक चालून आणि सुमारे हजार फूट चढून गेले की इंग्लिश कॅम्प लागतो. इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातल्या कथिलाच्या खाणी मंदावल्यावर तिथले पिढीजात खाणकामगार जगभर पांगले. त्यांतले बरेच इथे आले आणि या उंचीवर त्यांनी गाव वसवले. चर्च होते, शाळा होती, दुकान होते. आज दोन-चार मोडकळीला आलेल्या इमारती आणि माहितीचे फलक उरले आहेत. जवळच स्पॅनिश टाउनची जागा आहे. तिथे मेक्सिकन आणि चिलीचे कामगार राहत. तिथून पुढे सान क्रिस्तोबाल बोगद्याचे लोखंडी दाराने बंद केलेले तोंड दिसते. ब्वेना व्हिस्ता या खाणीत उतरणाऱ्या उभ्या विवरापाशी पंपाच्या प्रचंड यंत्रासाठी घडवलेल्या ग्रॅनाइटच्या चिऱ्यांचा पाया आहे. ते चिरे पाहून मला आपल्या गडांवरच्या गवंडीकामाची आठवण होते. इतक्या उंचीवर इतके वजनदार दगड का आणले असतील, असा प्रश्न पडतो. खाण जितकी खोल गेली तितके पाणी वाढत गेले, आणि ते उपसल्याशिवाय एक पाऊलही पुढे जाता येत नव्हते.

फेब्रुवारी अखेर ते एप्रिल हा काळ उत्तम. टेकड्या हिरव्यागार असतात आणि केशरी पॉपी, निळी ल्युपिन बहरलेली असतात. जून ते सप्टेंबरमध्ये सकाळी नवाच्या आत परतावे. पाणी भरपूर न्यावे. वाटेच्या कडेला तीन-तीन पानांचे पॉयझन ओक सर्वत्र आहे. त्याचा स्पर्श झाला तर आठवडाभर खाज सुटते. उन्हाळ्यात खुळखुळ्या साप वाटेवर ऊन खात पडलेला असतो. त्याला दगड मारू नये, थांबून वाट द्यावी. माथ्यावरून समोर उमुनुम पर्वत आणि त्यावरचा जुन्या रडारचा चौकोनी ठोकळा दिसतो. वर्षानुवर्षे बंद असलेले ते शिखर २०१७ पासून सर्वांना खुले आहे. तो वेगळ्या दिवसाचा विषय आहे.

जुनी_सनद

जमिनीच्या कज्ज्यांचे जुने कागद वाचण्याचा मला नाद आहे, त्यामुळे या खाणीच्या मालकीची कथा सांगितल्यावाचून राहवत नाही. संग्रहालयात ती फार थोडक्यात आटोपली आहे.

कास्तियेरो यांनी १८४५ मध्ये सॅन होजेच्या अल्काल्देपुढे, म्हणजे स्थानिक न्यायाधिकाऱ्यापुढे, खाणीवर हक्क नोंदवला. तेव्हा हा मुलूख मेक्सिकोचा होता. पुढच्याच वर्षी युद्ध पेटले आणि १८४८ च्या ग्वादलूप हिदाल्गो तहाने कॅलिफोर्निया अमेरिकेकडे गेला. आता प्रश्न असा उभा राहिला की मेक्सिकोच्या कायद्याने, एका लहान गावातल्या अधिकाऱ्यापुढे केलेली नोंद नव्या सरकारने मानायची की नाही. शिवाय टेकडी शेजारच्या दोन रांचोंच्या, म्हणजे मोठ्या जमिनींच्या, सीमेवर होती. एक बेरेयेसा कुटुंबाचा आणि दुसरा मूळचा हुस्तो लारियोस यांचा. जमिनीखाली इतके धन निघाल्यावर पूर्वी कोणी फारशी न मोजलेली ती सीमा एकाएकी मोलाची झाली. बेरेयेसा कुटुंबाचे प्रमुख तर १८४६ च्या धामधुमीत सॅन राफेलजवळ अमेरिकन तुकडीकडून मारले गेले होते. त्यामागे राहिलेल्या कुटुंबाला हा कज्जा लढावा लागला. परवलीच्या भाषेत न लिहिता सरळ सांगायचे तर, मुलूख जिंकणाऱ्याच्या न्यायालयात, जिंकणाऱ्याच्या भाषेत, आपली जमीन आपली आहे हे सिद्ध करण्याची पाळी त्या लोकांवर आली.

अखेरीस १८६३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कास्तियेरो यांच्या नोंदीवर आधारलेला दावा फेटाळला. त्यानंतर अध्यक्ष लिंकन यांनी खाण ताब्यात घेण्याचा हुकूम दिला. सरकारी अधिकारी आले तेव्हा खाणीच्या लोकांनी त्यांना आत येऊ दिले नाही. आज ही खाण घेतली तर उद्या आपली घेतील, या भीतीने कॅलिफोर्निया आणि नेवाडातले खाणमालक खवळले. यादवी युद्धाच्या ऐन मध्यात पश्चिम किनारा बिथरणे सरकारला परवडणारे नव्हते, म्हणून हुकूम मागे घेतला गेला. त्याच वर्षी तोवर खाण चालवणाऱ्या जुन्या कंपनीने साडेसतरा लाख डॉलर घेऊन खाण क्विकसिल्व्हर मायनिंग कंपनीला विकली. कासा ग्रांदेच्या ओसरीत उभे राहाल तेव्हा हे आठवावे, एवढीच विनंती.

माळरान

सर्वांचे लेखन मनापासून वाचले. तरीही एक खंत मांडतो. ज्या जागेत माणसांच्या शरीरात विष भिनले आणि जिथला पारा आजही नदीत उतरतो आहे, तिथे आपण डबे घेऊन सहलीला जावे, हे मला पटत नाही. संग्रहालयातही पाहुण्याचे पाऊल आधी व्यवस्थापकाच्या दिवाणखान्यात पडते आणि कामगार मागून भेटतो. खाणीच्या सुरुवातीच्या काळात मेक्सिकन हमाल, ज्यांना तेनातेरो म्हणत, दोनशे पौंडांच्या आसपासचे ओझे कपाळपट्ट्याने पाठीवर लटकवून, खाचा पाडलेल्या ओंडक्यांच्या शिड्यांवरून अंधारातून वर येत. दिवसभर हेच काम. माझे आजोबा मुंबईच्या गोदीत माथाडी होते. त्या शिडीविषयी वाचल्यावर मला दिवाणखान्यातली झुंबरे पाहवली नाहीत.

रानजाई

माळरान, आपली खंत मला समजते आणि ती योग्यही आहे. मांडणीविषयी आपण म्हणता ते मान्य आहे. मीही अभिप्रायाच्या वहीत लिहून आले आहे की तेनातेरोंची माहिती पहिल्या दालनात हवी. सहलीविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. १९७० च्या दशकात काउंटीने ही जमीन घेतली नसती तर दरीच्या खालच्या भागाप्रमाणे इथेही घरे उभी राहिली असती, आणि सान क्रिस्तोबालचे तोंड एखाद्या बंगल्याच्या परसात बुजले असते. पार्क झाले म्हणून काही जागी भाजलेल्या दगडाचे ढीग झाकले गेले आणि ओढ्यांचे काठ पुन्हा बांधले गेले. लोक तिथे जातात म्हणून त्या कामासाठी पैसा मागता येतो. जिथे कोणी जात नाही त्या ओढ्याची चौकशी कोण करणार?

आणखी एक गोष्ट सांगते. १८७६ साली मेरी हॅलॉक फूट ही चित्रकर्ती इथल्या खाणीत नोकरीला असलेल्या नवऱ्याबरोबर राहायला आली. तिने काढलेल्या चित्रांत आणि लिहिलेल्या वर्णनांत पाणी वाहणारी माणसे, डोंगरावरची घरे आणि दोन गावांमधले अंतर जपले गेले आहे. बाहेरून आलेल्या एका बाईने मन लावून पाहिले, म्हणून आपल्याला ते दिसते. आपणही इथे बाहेरूनच आलो आहोत.

रसायनमित्र

माळरान यांच्या मुद्द्याला जोडून एक सांगतो. जलाशयांच्या तळाशी प्राणवायू सोडण्याची यंत्रणा पाणीपुरवठा विभागाने काही ठिकाणी बसवली आहे, कारण तळाला प्राणवायू असेल तर मिथाइल पारा कमी तयार होतो. हे काम संथ आहे आणि त्याचा परिणाम माशांत दिसायला बरीच वर्षे लागतात. तिथे जाणाऱ्यांनी मुलांना तो फलक जरूर वाचून दाखवावा आणि त्यामागचे कारणही समजावून सांगावे.

माळरान

रानजाई, आपण वहीत लिहून आलात हे वाचून बरे वाटले. पुढच्या महिन्यात मी एकदा जाऊन येईन. सह्यवाटा, सान क्रिस्तोबालपर्यंत जाऊन यायला किती वेळ धरावा?

सह्यवाटा

हॅसिएंडा प्रवेशद्वारापासून थांबत, फलक वाचत गेलात तर परतीसह चार-पाच तास धरा. मी शनिवारी सकाळी साडेसातला निघतो. सोबत यायचे असेल तर इथेच कळवा. रानजाई यांच्या वडिलांनाही विचारा. इंग्लिश कॅम्पपर्यंत आपण सावकाश जाऊ, जागोजागी बसू.

रानजाई

बाबांना विचारले. त्यांनी काठी आणि टोपी आताच दाराशी काढून ठेवली आहे. आम्ही दोघे येतो. वाळा, आपण सासूबाईंना घेऊन अकराच्या सुमारास संग्रहालयात या, म्हणजे आम्ही खाली उतरल्यावर तिथेच भेट होईल. वेळ मी आजच पाहिली आहे, शनिवारी ते उघडे आहे.